'नाही' म्हणण्याची तालीम

एखाद्या संस्थेनं नावीन्याच्या मागे लागायचं ठरवलं की पहिल्या काही महिन्यांत काय होणार, हे जवळजवळ ठरलेलं असतं. सूचनांसाठी पोर्टल उघडतं. एका खोलीत रंगीत खुर्च्या येतात. दोन दिवसांची हॅकेथॉन होते, टी-शर्ट वाटले जातात, विजेत्यांचा वरिष्ठांबरोबर फोटो निघतो. पोर्टलवर तीन-चारशे कल्पना गोळा होतात आणि मग सगळं शांत होतं. वर्षभरानं ते पोर्टल उघडून पाहिलं तर शेवटची नोंद पार्किंगच्या गैरसोयीबद्दलची असते.

कल्पना टाकाऊ होत्या म्हणून असं घडतं, असं सहसा नसतं. आलेल्या कल्पनांचं काय करायचं, हेच कुणी ठरवलेलं नसतं. त्या कोण वाचणार, किती दिवसांत उत्तर देणार, होकार दिला तर पैसे कुठल्या खात्यातून निघणार, नकार दिला तर कारण कोण लिहिणार? हे प्रश्न कंटाळवाणे आहेत, म्हणून ते उद्घाटनाच्या भाषणात येत नाहीत. पण नावीन्य सांभाळण्याचं संस्थेचं कसब मुख्यतः निर्णय घेण्याचं कसब आहे. आणि त्यातही लवकर, थोड्या खर्चात आणि कारण देऊन 'नाही' म्हणण्याचं. ते नसलं की 'हो' लाही किंमत उरत नाही, कारण प्रत्येक प्रकल्पाच्या वाट्याला अर्धा माणूस आणि पाव बजेट येतं.

सूचना योजनेपासूनच सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात. टोयोटाचे अधिकारी १९५० साली फोर्डचे कारखाने पाहून आले आणि १९५१ मध्ये त्यांनी आपल्याकडे सूचना योजना सुरू केली. बाहेरच्यांनी त्यातून बक्षिसांचा भाग उचलला. खरं यंत्र मात्र बक्षिसात नव्हतं. या पद्धतीत बहुतेक सूचना लहान असतात (हत्यार ठेवायची जागा बदला, हा बोल्ट आधी लावा) आणि त्या कामाच्या जागीच, सुपरवायझरच्या पातळीवर निकाली निघतात. सूचना मुख्यालयाच्या समितीकडे जाऊन परत येईपर्यंत ती देणाऱ्याचा उत्साह संपलेला असतो. म्हणून कुठल्याही योजनेत दोन गोष्टी आधी लिहून ठेवाव्यात: पहिलं उत्तर १० कामाच्या दिवसांत जाईल, आणि ते 'समिती'च्या नव्हे, एका माणसाच्या नावानं जाईल. उत्तरं तीनच: 'करतो आहोत'; 'करणार नाही, कारण अमुक'; 'आत्ता नाही, तमुक तारखेला पुन्हा पाहू'. 'आपली सूचना नोंदवली आहे, धन्यवाद' हे उत्तर नव्हे, ती पोच आहे.

मोठ्या गोष्टींसाठी मात्र मोकळी पेटी ठेवूच नये. तिथे प्रश्न विचारावा, आणि तोही टोकदार. 'ग्राहकसेवा कशी सुधारता येईल?' हा प्रश्न नाही, तो निबंधाचा विषय आहे. 'यंत्र बसवल्यानंतर पहिल्या ३० दिवसांत येणाऱ्या तक्रारी निम्म्या कशा करता येतील?' हा प्रश्न झाला. अशा प्रश्नाला एक मालक हवा, म्हणजे ज्याच्या डोक्याला त्या तक्रारींचा खरोखर ताप आहे असा विभागप्रमुख. आणि उत्तरं मागवण्याआधीच दोन-तीन प्रयोगांपुरते पैसे त्यानं बाजूला काढलेले हवेत. पैसे नसताना कल्पना मागवणं म्हणजे जेवण न शिजवता पंगत बसवणं.

कल्पना काढायच्या बैठकीबद्दल थोडक्यात. १९५८ मध्ये येल विद्यापीठात झालेल्या प्रयोगात असं दिसलं की चौघांच्या गटाला जितक्या कल्पना सुचतात, त्याहून जास्त कल्पना एकेकटं बसवलेल्या चौघांच्या याद्या एकत्र केल्या की हाती येतात. पुढच्या संशोधनात याचं एक मुख्य कारण पुढे आलं: एक जण बोलत असताना बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता स्वतःचं विसरतात. तरीही सहा दशकं उलटून गेली आणि 'चला, सगळे मिळून डोकं चालवू' ही हाक काही बंद झालेली नाही. उपाय अगदी साधा आहे. पहिली १० मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं, मग कागद भिंतीवर लावायचे, आणि साहेबांनी शेवटी बोलायचं.

आता खरी मेहनत जिथे आहे तिथे येऊ. कल्पना निवडली, पुढे काय? इथे बहुतेक संस्था एकदम आराखडा, बजेट आणि वेळापत्रक तयार करायला घेतात. मध्ये एक पायरी गळते: ही कल्पना खरी ठरायला कोणकोणत्या गोष्टी खऱ्या असाव्या लागतील, त्यांची यादी. म्हणजे गृहीतकांची यादी.

समजा, औद्योगिक पंप बनवणारी एक कंपनी आहे. तिला पंपावर सेन्सर बसवून, कंपन आणि तापमान मोजून, बिघाडाची आगाऊ सूचना देणारी सेवा मासिक शुल्कावर विकायची आहे. इंजिनिअर मंडळींचे हात लगेच सेन्सर आणि ॲपकडे वळतात, कारण ते काम त्यांना येतं. पण यादी करायला बसलं की काय काय निघतं पाहा. बेअरिंग खराब होत चालल्याचं कंपनातून आधी कळतं. हे तंत्र जुनं आणि सिद्ध झालेलं आहे, तिथे धोका कमी. इशारा मिळाल्यावर ग्राहक चालू उत्पादन थांबवून पंप उघडेल. याची काहीच खात्री नाही. ग्राहकाच्या देखभाल प्रमुखाला दरमहा पैसे मंजूर करायचा अधिकार असेल. कदाचित त्याच्याकडे सुट्या भागांचं बजेट असेल, सेवेचं नसेल. ग्राहकाचा आयटी विभाग बाहेरच्या उपकरणाला आपल्या नेटवर्कवर येऊ देईल. बहुधा महिनोन् महिने देणार नाही. आणि नेहमी सुटणारं गृहीतक: पंप विकून कमिशन मिळवणारा आपलाच विक्रेता ही मासिक सेवा मनापासून विकेल. तो का विकेल? शिवाय बिघाड कमी झाले तर सुट्या भागांची विक्री घटेल, आणि त्या विभागाचा प्रमुख निर्णयाच्या टेबलावर बसलेला असेल.

प्रत्येक गृहीतकाला दोन आकडे द्यायचे. ते चुकीचं निघालं तर प्रकल्पाला किती धोका, १ ते ५. आणि आपल्या हातात पुरावा किती कमी, १ ते ५. गुणाकार करून वरची दोन-तीन घ्यायची आणि आधी तीच तपासायची. या उदाहरणात सेन्सर तळाशी जातो. वर येतात 'ग्राहक कृती करेल का' आणि 'पैसे देईल का'. ते तपासायला ॲप लागत नाही. ५ ग्राहक, प्रत्येकी ४ पंप, ८ आठवडे. एक तंत्रज्ञ हातातलं कंपनमापक घेऊन दर आठवड्याला जाईल, नोंदी घेईल, एका पानाचा अहवाल देईल, आणि धोका दिसला तर तिथूनच फोन करेल. प्रयोग सुरू होण्यापूर्वी कागदावर लिहायचं: निम्म्याहून अधिक इशाऱ्यांवर ग्राहकानं आठवडाभरात काही केलं, आणि ५ पैकी किमान ३ ग्राहकांनी पुढच्या सहा महिन्यांची पैसे मोजून ऑर्डर दिली, तरच पुढे जायचं.

हा कागद आधी लिहिणं हे पद्धतीचं मर्म आहे, आणि ती मोडते तीही इथेच. आठव्या आठवड्यात दोन ऑर्डर येतात आणि टीम म्हणते, 'तिसरा अगदी काठावर आहे हो.' काठावरचा ग्राहक म्हणजे न आलेला ग्राहक. दुसरी चूक, चाचणी फुकट देण्याची. फुकट गोष्टीला कुणी नाही म्हणत नाही, त्यामुळे तिथला होकार काहीच सांगत नाही; नाममात्र का होईना, शुल्क घ्यावं. 'आम्हाला रस आहे' असं पत्र हा पुरावा नाही, खरेदी आदेश हा पुरावा. तिसरी चूक तांत्रिक आहे. धडधाकट असे २० पंप निवडले तर ८ आठवड्यांत एकही बिघाड दिसणार नाही आणि प्रयोग कोरडा जाईल. म्हणून गेल्या वर्षभरात त्रास दिलेले पंपच घ्यायचे. मात्र असे पंप घेतल्यावर बिघाडाचं जे प्रमाण दिसेल ते सगळ्या पंपांना लावून नफ्याचं गणित मांडायचं नाही, हेही त्याच कागदावर लिहून ठेवलेलं बरं.

चाचणीचा निकाल येतो तेव्हा निर्णय घेणारे लोक तयार हवेत. टप्पे आणि मध्ये तपासणीची दारं, ही पद्धत रॉबर्ट कूपर यांनी १९८० च्या दशकात नव्या उत्पादनांसाठी मांडली आणि ती जगभर पसरली. पद्धत शहाणी आहे. तिचा वापर बऱ्याचदा तसा नसतो. दार म्हटलं की काही लोक बाहेर राहायला हवेत. अनेक ठिकाणी पहिल्या दारातून शिरलेला प्रत्येक प्रकल्प शेवटच्या दारातून बाहेर पडतो, फक्त उशिरा आणि थकून. गाळणी ठेवायची होती, बोगदा झाला.

असं का होतं, याची कारणं ओळखीची आहेत. दारावर बसलेल्यांच्या हातात पैसे नसतात, त्यामुळे ते मत देतात, निर्णय नाही. प्रस्तावाचा नमुना ४० पानांचा असतो, आणि इतकं लिहिल्यावर टीमला नाही म्हणणं जड जातं. सगळ्यात घातक म्हणजे पहिल्याच दारावर पाच वर्षांच्या नफ्याचा तक्ता मागितला जातो. त्या वेळी कुणालाच काही माहीत नसतं, म्हणून टीम आकडे रचते. समितीला ते रचलेले आहेत हे माहीत असतं. आणि तरी त्यावर दशांश चिन्हापर्यंत चर्चा होते. ओळखीच्या बाजारातल्या छोट्या सुधारणेला हा तक्ता ठीक. नव्या बाजारातल्या नव्या गोष्टीला तीच फूटपट्टी लावली की दरवेळी छोटी सुधारणाच जिंकते, आणि मग आपल्याकडे काही मोठं का घडत नाही, यावर वेगळी बैठक होते.

सुरुवातीच्या दारावर चार प्रश्न पुरतात. काय तपासलं, काय कळलं, पुढचं सर्वांत धोक्याचं गृहीतक कोणतं, ते तपासायला किती दिवस आणि किती पैसे? समितीत तीन ते पाच जण असावेत, त्यांच्याकडे स्वतःचा राखीव निधी असावा, निर्णय त्याच दिवशी व्हावा. पैसे पुढच्या प्रयोगापुरतेच द्यावेत, वर्षाचे नाही. उत्तरं चार असतात: पुढे जा, परत करून आणा, थांबा, बंद. यातलं 'थांबा' जपून वापरावं. संस्थांमध्ये 'थांबा' म्हणजे सभ्य भाषेतला मृत्यू. माणसं अडकून पडतात, खर्च चालू राहतो आणि कुणालाच वाईटपणा येत नाही. ज्या थांब्याला पुढची तारीख नाही तो बंद समजावा.

निर्णयाच्या शिस्तीनं काय साधतं, याचं एक चांगलं नोंदलेलं उदाहरण औषध उद्योगात आहे. ॲस्ट्राझेनेकानं २००५ ते २०१० या काळातले आपले संशोधन प्रकल्प तपासले, आणि त्यातून पाच प्रश्नांची चौकट तयार केली: लक्ष्य योग्य आहे का, औषध योग्य पेशीजालापर्यंत पोहोचतं का, ते पुरेसं सुरक्षित आहे का, योग्य रुग्ण निवडले आहेत का, आणि बाजारात त्याला जागा आहे का. यात दिपवून टाकणारं काहीच नाही. पण आधी औषधाचे किती रेणू पुढच्या टप्प्यात ढकलले, याच्या मोजणीवर भर होता; तो भर प्रश्नांची प्रामाणिक उत्तरं शोधण्याकडे वळला. निवडलेल्या औषधाच्या उमेदवारानं तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या पूर्ण करण्याचं प्रमाण २००५-२०१० मध्ये ४ टक्के होतं. २०१२-२०१६ मध्ये ते १९ टक्क्यांवर गेलं. कल्पना काढणारी डोकी त्या काळात काही पाचपट हुशार झाली नसतील. कमकुवत प्रकल्प आधी बंद होऊ लागले आणि उरलेल्यांना नीट लक्ष मिळालं.

आता कुणी म्हणेल, इतकी शिस्त लावली तर खरी वेडी कल्पना पहिल्याच दारावर मरेल. आक्षेप खरा आहे. थ्रीएम कंपनीत १९४८ पासून तंत्रज्ञांना १५ टक्के वेळ स्वतःच्या आवडीच्या कामाला देण्याची मुभा आहे, आणि चिकटून सहज निघणाऱ्या पिवळ्या 'पोस्ट-इट' चिठ्ठ्यांची कथा त्यासाठीच सांगितली जाते. मला त्या कथेत वेगळंच काही दिसतं. तिथले रसायनशास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांना तो अर्धवट चिकटणारा गोंद १९६८ मध्ये मिळाला. पुढची काही वर्षं ते कंपनीतल्या सहकाऱ्यांपुढे त्याबद्दल व्याख्यानं देत राहिले. अशा एका व्याख्यानाला आर्ट फ्राय होते, आणि १९७४ मध्ये त्यांना त्या गोंदाचा उपयोग सुचला. म्हणजे मोकळा वेळ जितका कामी आला, तितकाच आतल्या आत बोलण्याचा रस्ताही. १९७७ मध्ये चार शहरांत हे उत्पादन विकून पाहिलं, तर प्रतिसाद थंड. आकड्यांवर गेलं असतं तर प्रकल्प तिथेच संपला असता. पण चूक चाचणीत होती: हातात घेऊन वापरल्याशिवाय ही वस्तू कशासाठी आहे हेच कळत नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या बॉइसी शहरात नमुने फुकट वाटले, आणि वापरून पाहिलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी आपण ते विकत घेऊ असं सांगितलं. अमेरिकाभर विक्री सुरू झाली १९८० मध्ये. फुकट होकाराला किंमत नाही, असं वर म्हटलं आहे. इथे तो चालला, कारण प्रश्न 'पैसे देतील का' हा नव्हता, 'वस्तू कळते का' हा होता. कुठला प्रश्न तपासतो आहोत हे ठाऊक नसेल तर 'नाही'सुद्धा चुकीचं पडतं.

त्याच कंपनीत २००१ नंतर सिक्स सिग्माची शिस्त प्रयोगशाळांपर्यंत नेली गेली. दोष आणि फरक कमी करणारी ही पद्धत उत्पादनाच्या ओळीवर उत्तम चालते. शोध मात्र फरकातूनच निघतो. नेतृत्व बदलल्यावर, २००५ नंतर, संशोधनापुरता तो फास सैल करण्यात आला. दोन प्रकारच्या कामांना दोन प्रकारची शिस्त लागते, हे मान्य करायला संस्थांना जड जातं, कारण एकच नमुना सगळीकडे लावणं सोपं असतं.

मग वेगळा विभागच काढला तर? लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीनं १९४३ मध्ये बाजूला काढलेल्या छोट्या गटानं एक्सपी-८० हे जेट विमान १४३ दिवसांत उभं केलं, तेव्हापासून ही कल्पना मोहक वाटत आली आहे. वेग मिळतो, हे खरं. अडचण परतीच्या रस्त्यावर येते. छायाप्रतीची यंत्रं बनवणाऱ्या झेरॉक्स कंपनीनं १९७० मध्ये स्थापन केलेल्या संशोधन केंद्रात १९७३ साली आल्टो नावाचा संगणक चालू झाला होता, पडद्यावरच्या चित्रांसह आणि माऊससह. त्यातून कंपनीला फारसं काही मिळालं नाही. तिथेच विकसित झालेल्या लेझर प्रिंटरनं मात्र भरघोस पैसा दिला. प्रिंटर कागद छापायचा. तो विकायची, दुरुस्त करायची आणि त्याचा हिशेब ठेवायची यंत्रणा कंपनीकडे आधीपासून होती. संगणकाला आत घेणारं कुणी नव्हतं. म्हणून वेगळा गट काढताना त्याच्याकडून काम स्वीकारणारा विभाग पहिल्या दिवशीच ठरवावा, त्या विभागाची दोन माणसं तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून गटात बसवावीत, आणि हस्तांतरणानंतर मूळ टीममधले किमान दोघं सहा महिने तरी उत्पादनाबरोबर पाठवावेत. फाइल देऊन ज्ञान जात नाही.

माणसं तयार करण्याबद्दल. दोन दिवसांच्या कार्यशाळेनं कुणी तयार होत नाही. तिथे शब्द शिकतात, कसब नाही. जे उपयोगी पडतं ते असं: चार-पाच जणांची टीम, खरा प्रश्न, १० ते १२ आठवडे, आणि प्रत्येकाचा निम्मा वेळ लेखी मोकळा केलेला. 'रोजचं काम सांभाळून बघा' म्हटलं की रोजचं कामच जिंकतं, कारण त्याला आजची मुदत असते. चार-पाच टीमना मिळून एक अनुभवी मार्गदर्शक पुरतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीतले दोघं-तिघं सहायक मार्गदर्शक होतात, तिसऱ्या फेरीत बाहेरचा सल्लागार लागू नये. लागत असेल तर संस्था शिकलेली नाही, तिनं सेवा विकत घेतली आहे.

खरी उणीव मात्र वरच्या मजल्यावर असते. प्रशिक्षण नेहमी टीमला मिळतं. दारावर बसणाऱ्यांना कुणीच काही शिकवत नाही. त्यांच्यासाठी एक तालीम आहे, आणि तिला खर्च जवळजवळ शून्य. संस्थेच्या जुन्या, निकाल लागलेल्या ८-१० प्रकल्पांच्या फाइल घ्या. प्रत्येकातला फक्त पहिल्या निर्णयापर्यंतचा मजकूर ठेवा, नावं झाका. समितीला प्रत्येक फाइलवर २० मिनिटं द्या: पुढे की बंद, आणि कोणता एक प्रश्न विचाराल? उत्तरं आधी वेगवेगळी लिहून घ्या, मग निकाल उघडा. अर्ध्या दिवसात समितीला आपल्या सवयी दिसतात: तांत्रिक तपशील जास्त असला की विश्वास वाढतो, आवडत्या विभागाला एक संधी जास्त मिळते, ग्राहकाबद्दल पहिल्या तासात कुणीच विचारत नाही.

मोजमापाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कल्पनांची संख्या मोजली की कल्पना वाढतात, पेटंट मोजली की पेटंट. गेल्या काही वर्षांत आलेल्या उत्पादनांचा विक्रीतला वाटा हा त्यातल्या त्यात बरा आकडा. थ्रीएमनं १९९० च्या दशकात तो गेल्या चार वर्षांतल्या उत्पादनांसाठी ३० टक्के ठेवला होता. पण 'नवीन' कशाला म्हणायचं हे लिहून ठेवलं नाही तर झाकणाचा रंग बदलूनही आकडा गाठता येतो. मला दोन आकडे जास्त बोलके वाटतात: कल्पना आल्यापासून पहिल्या निर्णयापर्यंत सरासरी किती दिवस गेले, आणि बंद झालेला प्रकल्प सरासरी किती खर्चानंतर बंद झाला. दुसरा आकडा वर्षागणिक खाली येत असेल तर कसब येतं आहे.

या सगळ्याची आता आंतरराष्ट्रीय मानकंही आहेत: आयएसओ ५६००२ हे मार्गदर्शक २०१९ चं, आणि प्रमाणपत्र मिळवता येईल असं आयएसओ ५६००१ हे २०२४ चं. नेतृत्व, साधनं, प्रक्रिया, मूल्यमापन यातलं काय राहून गेलं हे पाहायला ती चांगली आहेत. प्रमाणपत्रासाठी धावलं की लेखापरीक्षणाच्या आदल्या आठवड्यात नोंदवह्या भरल्या जातात, हा अनुभव गुणवत्तेच्या मानकांनी पुरेसा दिलेला आहे.

राहिलं प्रकल्प बंद करायचं काम. बंद करण्याची घोषणा होण्याआधी त्यातल्या प्रत्येकाचं पुढचं काम ठरलेलं असावं. नाहीतर पुढच्या वेळी कुणी चांगला माणूस जोखमीच्या प्रकल्पात येणार नाही, आणि आलेला माणूस तो बंद होऊ देणार नाही. दोन आठवड्यांत एक पान लिहायचं: काय गृहीत धरलं होतं, कसं तपासलं, काय निघालं, नमुने आणि आकडेवारी कुठे ठेवली आहे, कुणाला विचारायचं. शेवटी एक ओळ: कोणती परिस्थिती बदलली तर हे पुन्हा उघडावं. सेन्सरची किंमत निम्मी झाली तर, किंवा ग्राहकानं नेटवर्कचे नियम सैल केले तर. ही पानं एका जागी ठेवून दर सहा महिन्यांनी दोघांनी तासभर बसून चाळायची, फक्त त्या शेवटच्या ओळी. बहुतेक वेळा काहीच बदललेलं नसतं, आणि तास तिथेच संपतो.